वाढणारा वाढतो काय?

मराठी भाषेत एक मौज आहे. पानात अन्न घालणे यासही आपण 'वाढणे' म्हणतो आणि लहानाचे मोठे होणे यासही 'वाढणे'च म्हणतो. संस्कृतात या दोन गोष्टींना दोन वेगळे धातू आहेत. पानात वाढणे ते परिवेषण, मोठे होणे ते वर्धन. आमच्या मायबोलीने मात्र दोन्ही एकाच शब्दाच्या पदराखाली घेतली. दिंडीच्या पंगतीत जो हातात भाताचे घमेले घेऊन कमरेत वाकतो, सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खातो, तो वाढपी आपल्या दृष्टीने वाढलेलाच असतो. त्याच्या पुण्याविषयी कोणी शंका घेत नाही. शंका येते ती पंगतीबाहेर. तेच वाढणे महिन्याच्या पगारासाठी असेल, भिंतीवर दरपत्रक टांगलेले असेल, जेवून उठणारा हात धुऊन गल्ल्यावर पैसे मोजत असेल, तर तेथे वाढणारा वाढतो काय?

हा प्रश्न आम्ही नुसत्या शब्दाच्या मौजेखातर काढलेला नाही. आज वारकऱ्यांच्या घरांतील कितीतरी मुले पुण्यामुंबईच्या हॉटेलांत कामाला आहेत. कोणी टेबल पुसतो, कोणी भटारखान्यात आचाऱ्याच्या हाताखाली आहे, कोणी केटरिंगचे रीतसर शिक्षण घेऊन मोठ्या हॉटेलात पाहुण्यांच्या स्वागताला उभा आहे. कीर्तन आटोपले की यांतील एखादा पाया पडायला येतो आणि हळूच विचारतो, "महाराज, आमचं हे काम सेवेत धरायचं का नाही?" त्याच्या विचारण्यात तीन शंका असतात. पहिली, पगार घेऊन केलेली सेवा ही सेवा होते काय? दुसरी, गिऱ्हाइकापुढे आणलेले हसू हा दंभ नव्हे काय? आणि तिसरी, जी तो शेवटी आणि मान खाली घालून विचारतो, ती गळ्यातल्या माळेची. या तिन्हींचा विचार जसा सुचला तसा मांडतो.

प्रथम शास्त्राचे म्हणणे पाहू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काली व्यापारावर पोट भरावे लागले तर ब्राह्मणाने कोणकोणत्या वस्तू विकू नयेत त्याची यादी आहे, आणि तीत शिजवलेले अन्न आहे. याचे मर्म समजावून घेतले पाहिजे. ज्या काळी वाटसरू दारात आला की तो घरचा पाहुणा होई, त्या काळी त्याच्यापुढे भाकरी ठेवून मोल मागणे ही खरोखरच लाजेची गोष्ट होती. पण काळ पालटला. कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली. एका खोलीत पंधरा-पंधरा जण पाळीपाळीने झोपू लागले. त्यांच्या दारात अतिथी यायचा कोठून, आणि ते कोणाच्या दारात अतिथी म्हणून जाणार? त्यांना वेळेवर ताजी भाकरी आणि कालवण घातले ते खानावळवाल्या बायांनी, महिन्याचे पैसे घेऊन. त्या बायांनी या लेकरांना उपाशी ठेवले नाही. अशाच बायांना सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. नावच अन्नपूर्णा! आम्हांस वाटते की अन्न विकण्यात पाप नाही. शिळ्याला ताजे म्हणणे, तेलात भेसळ करणे, भुकेल्याची निकड पाहून दर चढविणे, यांत पाप आहे. मोल घ्यावे, पण अन्नाशी खोटे बोलू नये.

आता वाढण्याविषयी. या धंद्यात माणूस वाढतो असे म्हटले की लोक लगेच बढतीची उदाहरणे देतात, आणि ती खोटी नाहीत. मोहनसिंग ओबेरॉय हे 1922 साली शिमल्याच्या सेसिल हॉटेलात कारकून म्हणून लागले आणि 1934 साली तेथल्याच क्लार्क्स हॉटेलचे मालक झाले. उडुपीकडची अनेक मुले दक्षिण कानड्यातून मुंबईस आली, दिवसा कपबश्या विसळून रात्रशाळेत शिकली, आणि पुढे स्वतःच्या हॉटेलच्या गल्ल्यावर बसली. माटुंग्याला रामा नायक यांनी 1942 साली काढलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग पुढच्या पिढ्यांनाही केळीच्या पानावर पोटभर वाढत राहिले. 1954 साली मुंबईत लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने या विद्येचे कॉलेजही निघाले. हे सारे कौतुकाचे आहे. परंतु बढती निराळी आणि वाढ निराळी. टेबल पुसणारा मालक झाला ही बढती. मालक झाल्यावरही टेबल पुसणाऱ्या पोराचे जेवण झाले की नाही हे ज्याला आठवते, त्याची वाढ झाली. बढती दहांतून एकाला मिळते. वाढ मात्र दहाही जणांना मिळू शकते, कारण ती मालकाच्या हातात नसते.

ही वाढ होते कशी? हॉटेलात दिवसाचे दहा तास माणसाला स्वतःला बाजूला ठेवावे लागते. आपल्याला भूक लागली असता दुसऱ्याची भूक आधी पाहावी लागते. समोरचा घाईत आहे, का दुःखात आहे, म्हातारा आहे तर त्याला तिखट चालेल का, लेकुरवाळी बाई आहे तर पाणी कोमट द्यावे का, हे न विचारता ओळखावे लागते. परमार्थात ज्याला आम्ही देहबुद्धीचा निरास म्हणतो त्याची ही पहिली पायरी आहे. आम्ही घरात बसून जप करतो आणि मध्ये नातवाने हाक मारली तर चिडतो. या मुलाला तर हाका मारणारी वीस टेबले असतात. शिवाय उष्टे उचलावे लागते. उष्टे उचलताना ज्याच्या मनाला कमीपणा वाटतो त्याने काल्याचा प्रसंग आठवावा. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून त्यांच्या तोंडचा घास भगवंताने आवडीने खाल्ला. त्याला उष्ट्याचे वावडे नव्हते.

पण मन न लावता हेच काम वीस वर्षे केले तर माणूस वाढत नाही, नुसता झिजतो. टेबल पुसायचे फडके तेच असते. म्हणून काम वाढविते असे सरसकट म्हणता येत नाही. काम दार उघडून देते, आत पाऊल ज्याचे त्याने टाकावयाचे असते.

आता पहिली शंका, पगाराची. आमच्या कीर्तनाच्या क्षेत्रातही हा वाद जुना आहे. कथेचा विक्रय करणाऱ्याचा तुकोबारायांनी कठोर शब्दांत निषेध केला आहे. मग मुलगा म्हणेल, महाराज, हरिकथेचे मोल घेणे वाईट, तर वाढण्याचे घेणे चांगले कसे? याचे उत्तर असे की हरिनाम हे कोणाच्या कष्टाने पिकलेले नाही. जे आपले नाही ते आपण विकू शकत नाही. हॉटेलातल्या मुलाने विकले ते स्वतःच्या पायांचे दहा तास. ते त्याचेच होते, आणि त्यावर त्याच्या आईचे औषध आणि बहिणीची शाळा चालते. पगाराने त्याचे तास विकत घेतले, भाव विकत घेतला नाही. तो घेताही येत नाही.

सेना महाराजांची कथा सर्वांस ठाऊक आहे. ते राजाच्या पदरी नोकर होते. एके दिवशी पूजेत रंगले आणि राजाकडे जायचे राहिले. तेव्हा पांडुरंग स्वतः धोकटी काखेला मारून, सेना महाराजांचे रूप घेऊन राजाची हजामत करून आला. कीर्तनात ही कथा आपण देवाच्या भक्तवात्सल्यासाठी सांगतो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. पगारी नोकरीत सेवाभाव नसता, ती हलकी असती, तर देवाने ती पार पाडण्याचे कष्ट कशाला घेतले असते? "राहू दे चाकरी" असे तो म्हणाला नाही. चाकरीत खंड पडू नये म्हणून तो स्वतः उभा राहिला.

एवढ्यावर ज्याचे समाधान होत नाही त्याने 2008 सालचा नोव्हेंबर आठवावा. 26 तारखेच्या रात्री मुंबईत अतिरेक्यांनी हल्ला केला. त्यात 1903 साली उघडलेले ताजमहाल हॉटेलही सापडले. आत पाहुणे अडकले होते. मागची दारे आणि जिने तेथल्या नोकरमाणसांना पाठ होते. मनात आणते तर ती माणसे पहिल्यांदा बाहेर पडली असती. पण ती थांबली. पाहुण्यांना दडवून ठेवले, पाणी दिले, अंधारातून वाट दाखविली, आणि भटारखान्यातील माणसे पाहुणे आणि गोळ्या यांच्या मध्ये उभी राहिली. त्यांतील काहींचे प्राण गेले. ही सारी पगारी माणसे होती. कोणत्या पगारपत्रकात या कामाचा दर लिहिलेला असतो? रोज 'आधी पाहुणा, मग मी' असे करता करता ते अंगी मुरले होते. परीक्षेच्या रात्री ते आपोआप वर आले. अतिथीला देव मानावे असा उपदेश तैत्तिरीय उपनिषदातील गुरू शिष्याला घरी पाठविताना करतो. पाठशाळेत तो आम्ही घोकला. या माणसांनी तो जगून दाखविला.

दुसरी शंका हसण्याची. मनात राग आणि ओठांवर हसू, हा दंभ नव्हे काय? यासाठी महाभारताच्या वनपर्वातील कौशिकाचे आख्यान पाहावे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण झाडाखाली वेद म्हणत बसला होता. वरून एका बगळीने त्याच्या अंगावर घाण केली. त्याने रागाने वर पाहिले, आणि ती बिचारी मरून पडली. पुढे तो एका दारी भिक्षेस गेला. घरची बाई थांबा म्हणाली, तेवढ्यात तिचा नवरा भुकेला घरी आला, आणि ती त्याला वाढण्यात गुंतली. बाहेर कौशिक ताटकळला. उशिराने ती भिक्षा घेऊन आली तेव्हा तो संतापला. त्या गृहिणीने त्याची क्षमा मागितली, आणि शांतपणे सुनावलेही, की आपण काही ती रानातली बगळी नव्हे, आणि क्रोध हा माणसाच्याच शरीरात राहणारा शत्रू आहे. रानातली गोष्ट तिला घरात बसून कळली होती! तपाने कौशिकाला जाळण्याचे सामर्थ्य आले होते. वाढण्याने त्या बाईला न जळण्याचे सामर्थ्य आले होते.

रोज किती कौशिक हॉटेलात येऊन बसतात! चहाला दोन मिनिटे उशीर झाला की डोळे वटारतात. तेव्हा मुलाने राग गिळून हसावे, हा दंभ नव्हे. आत नसलेला चांगुलपणा स्वतःच्या फायद्यासाठी बाहेर दाखविणे हा दंभ. आत अजून पुरता न रुजलेला चांगुलपणा बाहेर आचरून आत नेणे, याला अभ्यास म्हणतात. ओठांवरचे हसू आज उसने असेल. पण समोरच्याच्या सुखासाठी ते रोज आणले तर एक दिवस ते आतून येते. टाळ हाती घेतला त्या दिवशीच कोणाला ठेका सापडतो?

मात्र येथे एक कुंपण घातले पाहिजे. त्या गृहिणीने क्षमा मागितली, पण ती लाचार झाली नाही. चुकीचे ते चूक म्हणून तिने सांगितले. सोसणे ही साधना खरी, पण ती ज्याने त्याने स्वतःच्या मनाने करावयाची. दुसऱ्याला सोसावयास लावून त्याला साधनेचे नाव देणे हा अधर्म आहे. पगार दोन-दोन महिने अडकवायचा, पोरांना जिन्याखाली निजवायचे, आणि वर 'सेवाधर्म' सांगायचा, अशा मालकांसाठी हा लेख नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर कामाला ठेवण्याची बंदी 10 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाली, ती योग्यच झाली. लेकराने त्या वयात पाटी उचलावी, खरकट्याची बादली नव्हे.

तिसरी शंका माळेची, आणि तीच सर्वांत नाजूक. मुलगा सांगतो, "महाराज, घरात तीन पिढ्यांची माळ आहे. हॉटेलात सामिष ताटं उचलावी लागतात. माळ काढून खुंटीला ठेवू का?" याचे उत्तर त्याच आख्यानाच्या उत्तरार्धात आहे. त्या गृहिणीने कौशिकाला धर्म शिकण्यासाठी मिथिलेला पाठविले, तेही कोणाकडे, तर एका मांस विकणाऱ्या व्याधाकडे. कौशिक तेथे पोचला तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, म्हणून तो एका बाजूला उभा राहिला. पाहा, दारात ताटकळल्यावर संतापणारा तो थांबावयास शिकला! व्याधाने त्याला धर्माचे सूक्ष्म स्वरूप सांगितले. त्यात आपल्या धंद्याविषयी तो सांगतो की तो वडिलार्जित आहे. आपण स्वतः प्राणी मारीत नाही, मांस खातही नाही. मग तो कौशिकाला घरी नेऊन आपले म्हातारे आईवडील दाखवितो आणि सांगतो, हेच माझे देव.

यावरून आम्हांस असे वाटते. दुसरीकडे शाकाहारी हॉटेलात काम मिळत असेल तर माळकऱ्याने ते धरावे, चार पैसे कमी मिळाले तरी. मिळत नसेल आणि घरची चूल त्याच पगारावर पेटत असेल, तर माळ काढू नये. माळेचे व्रत आपल्या जिभेचे आहे, दुसऱ्याच्या ताटाचे नव्हे. उलट ती माळच त्याला रोज आठवण देईल की हात कोठेही असोत, आपण कोणाचे आहोत. दारूविषयी मात्र आमचे मत अधिक कडक आहे. ज्याच्या घरात ते व्यसन होऊन गेले आहे, किंवा ज्याला स्वतःच्या मनाचा भरवसा नाही, त्याने त्या बाजूस उभेच राहू नये, मालकाला सांगून दुसरे काम मागून घ्यावे. काही फडांतील वडीलधाऱ्यांना आमचे हे सांगणे सैल वाटेल. त्यांचा अधिकार मोठा आहे. पण जो मुलगा माळ घालून प्रामाणिकपणे ताट उचलतो त्याला आपण संप्रदायाबाहेर लोटले, तर तो जाईल कोठे, याचा विचार त्यांनी करावा.

वारीचे दुःख यालाच लागून आहे. आषाढीला रजा मिळत नाही. दूरच्या शहराचे सोडा, खुद्द पंढरपुरात, देवळापासून हाकेच्या अंतरावर, एकादशीच्या दिवशी पहाटे तीनपासून साबुदाण्याची खिचडी आणि चहा देणारी पोरे आहेत. लाखो लोक दर्शन घेऊन जातात, आणि यांना द्वादशी उलटेपर्यंत कळससुद्धा नीट बघायला सवड होत नाही. या मुलांना आम्ही सांगू, बाळांनो, हा देव तेथे उभा का आहे ते आठवा. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. दारात साक्षात् परब्रह्म आले, तरी त्याने हातातली सेवा सोडली नाही. वीट पुढे टाकली आणि थांबायला सांगितले. देव रागावला नाही, कर कटीवर ठेवून उभा राहिला. जो पुंडलिकासाठी युगानुयुगे थांबला, तो तुमच्यासाठी कार्तिकीपर्यंत थांबणार नाही काय? आणि मालकांना सांगू, पाळी लावून द्या. यंदा याला आषाढी, त्याला कार्तिकी. पुण्य तुम्हालाही आहे.

एवढे सांगून झाल्यावर उरलेले बोलणे तुमच्याआमच्याशी आहे, कारण हॉटेलातला मुलगा वाढणार की खुरटणार हे पुष्कळ अंशी समोर बसणाऱ्यावर अवलंबून असते. पंढरीचे मंदिर साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली सर्वांना मोकळे झाले. ज्या हॉटेलांत अस्पृश्यांच्या कपबश्या एके काळी वेगळ्या ठेवीत, त्यांची दारे 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने सर्वांना खुली केली. दार कायद्याने उघडले. पण टेबलाशी बसणारा आणि टेबल पुसणारा यांच्यामधली रेघ कायदा कशी पुसणार? आपण दिंडीत एकमेकांना 'माऊली' म्हणतो. पाया पडणाऱ्याच्या पाया पडतो. आणि तोच टिळा, तीच माळ घेऊन हॉटेलात बसलो की "ए पोऱ्या, पाणी आण" असे ओरडतो! मग सकाळी ज्याच्या पाया पडलो तो कोण होता? नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाच्या पोऱ्याने बारा वर्षे पाणी भरले, गंध उगाळले. तो द्वारकाधीश होता हे तो गेल्यावर कळले. नाथांच्या घरी त्याला कोणी ओरडून बोलल्याचे ऐकिवात नाही. आपल्या टेबलावर पाणी ठेवणारा कोण आहे हे आपल्याला तरी कोठे ठाऊक?

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे द्यावेसे वाटते. वाढणारा वाढतो, पण तीन गोष्टी असतील तर. अन्नाशी खोटे नसावे. समोरच्या टेबलावर सूट घातलेला असो की धुळीने माखलेला वारकरी असो, पाण्याचा पेला सारख्याच हाताने ठेवला जावा. आणि दिवसाच्या शेवटी पगार मोजावा, पण सेवा मोजू नये. किती जणांना वाढले हे ज्याने मोजले त्याचा हिशेब तेथेच मिटला. ज्याने मोजले नाही त्याचा हिशेब पांडुरंगाकडे चालू राहिला. आणि जेवणाऱ्याने? त्याने यंदाच्या वारीत वाटेवरच्या हॉटेलात बसावे तेव्हा एवढेच करावे. पाणी आले की मान वर करून त्या मुलाकडे पाहावे आणि म्हणावे, "माऊली, तू जेवलास का?"

रामकृष्ण हरि.